पुढच्या चाकाचे बेअरिंग आणि आपला ऊस



कैकेयीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ऐन युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निघाली आणि चाक निसटू नये म्हणून तिने त्या जागी आपले बोट घातले. आजच्या ट्रकच्या पुढच्या चाकालाही अशीच एक खीळ असते. मिस्त्री लोक तिला कॉटर पिन म्हणतात. चहाच्या कपापेक्षाही स्वस्त अशी ही वस्तू. तिच्यामागे एक नट, नटामागे दोन बेअरिंगे आणि त्यांच्या भरवशावर आपल्या वावरातला दहा-बारा टन ऊस.

ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा, पाचट यांवर लिहावे, ट्रकच्या चाकाशी त्याचा काय संबंध, असे काही सभासद म्हणतील. आम्ही कृषी पदविकेची माणसे, मोटार मेकॅनिक नव्हे, हे खरेच आहे. पण ऊस तुटला की तो आपल्या हातात राहत नाही, चाकाच्या हातात जातो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण प्रत्येक सभेत सांगतो. तो वाटेत अडकला की वजन घटते, आतल्या साखरेचे रूपांतर होऊ लागते आणि उतारा खाली येतो. वर्षभर पाणी दिले, खत दिले, रानडुकरांपासून राखण केली आणि शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये एका चाकाने घात केला, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून हा लेख.

एका रात्रीची हकीकत

पाच-सहा हंगामांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतली थंडीची रात्र होती. आमच्या गटातल्या एका सभासदाच्या वावरात को ८६०३२ जातीचा ऊस तुटून पडला होता. गाडी उशिरा आली. जुना टाटा ट्रक, पण हंगामापूर्वीच गॅरेजमधून निघालेला. मजुरांनी मोळ्या चढवल्या, दोर आवळले. आम्ही चिठ्ठी लिहीत होतो तेव्हा ड्रायव्हर जवळ येऊन म्हणाला,

"साहेब, येताना डावं चाक गरम येऊन राह्यलं होतं. हात लावला तं चटका बसला."

आम्ही घड्याळ पाहिले. केनयार्डात रांग वाढत होती आणि सभासद मागे उभे राहून विचारत होते, "काऊन जी, गाडी आता तरी निघते का नाही?" आम्ही ड्रायव्हरला म्हणालो, "कारखाना गाठ भाऊ, तिथं मिस्त्री आहे, मग पाहू."

गाडीने कारखाना गाठला नाही. कालव्याच्या पुलाकडे उतरताना ब्रेक धरला तेव्हा गाडी एका बाजूला ओढली गेली आणि पुलाच्या कठड्यावर चढली. ड्रायव्हर बचावला. क्लिनर पोरगा दाराकडे बसला होता, त्याच्या पायाचे हाड मोडले. तो हंगाम त्याने खाटेवर काढला. ऊस तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीत भरून काट्यावर गेला. वजन किती घटले हे त्या सभासदाने आम्हांला कधी ऐकवले नाही. पण ते आम्हांला ठाऊक आहे, कारण चिठ्ठी आमच्याच हातची होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने चाक उघडले. नट पूर्ण आवळलेला होता. बेअरिंगचे रोलर निळे पडले होते. ग्रीस वितळून पातळ झाले, सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर उतरले आणि तेलकट लायनरने ब्रेक धरला नाही. मिस्त्री म्हणाला, "कोणी तरी लय काळजी घेतली जी. चाक ढिलं नको म्हणून टाईट मारलं, ग्रीस कमी पडू नये म्हणून ठासून भरलं." काळजी घेणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण जास्त आवळणे म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा होता. आणि ड्रायव्हरने सांगूनही गाडी सोडणे, ही चूक आमची होती.

त्यानंतर दोन उन्हाळे आम्ही फुरसतीच्या दिवशी मिस्त्रीजवळ बसलो आणि हे काम हाताने शिकलो.

चाकाच्या पोटात काय असते

आपल्या लाकडी चाकाच्या बंडीत आस तुंब्यात घासून फिरतो. त्याला जुने लोक ओंगण घालत, एरंडीच्या तेलाने तो मऊ ठेवत. ट्रकच्या चाकात घासण्याऐवजी गडगडण्याची सोय असते. पुढच्या आसाच्या टोकाला स्टब म्हणतात. त्यावर हब बसतो. हबच्या आत दोन बेअरिंगे असतात. गाडीकडच्या बाजूचे मोठे, बाहेरच्या बाजूचे लहान. प्रत्येक बेअरिंगचे दोन भाग. आतली कडी आणि तिच्यावर जाळीत बसवलेले रोलर, याला कोन म्हणतात. हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडी, तो कप.

हे रोलर सरळ नसतात, एका टोकाला निमुळते असतात. यात खरी खुबी आहे. गाडी सरळ चालते तेव्हा भार वरून खाली येतो. वळणावर मात्र तोच भार चाकाला आडवा ढकलतो. निमुळते रोलर दोन्ही भार झेलतात. दोन बेअरिंगे एकमेकांकडे तोंड करून बसवलेली असल्याने उजवीकडचा धक्का एक घेते, डावीकडचा दुसरे.

गंमत अशी की ही युक्ती मोटारीसाठी निघालेलीच नाही. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात हेन्री टिमकेन नावाचा घोडागाड्या बनवणारा कारखानदार होता. ओझ्याच्या गाड्या वळणावर अडतात, चाकाच्या कड्या झिजतात, हे त्याने पाहिले आणि १८९८ साली निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. जनावराच्या गाडीची अडचण सोडवताना निघालेली वस्तू पुढे जगभरच्या ट्रकमध्ये गेली. आपल्याकडे टेल्कोने जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ साली संपला. त्या घराण्यातल्या १२१० पासून पुढच्या जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकात हीच निमुळत्या रोलरची जोडी. काही नव्या गाड्यांत बंद बेअरिंग असते, त्याला ग्रीस भरायचे नसते. आमचे सांगणे जुन्या गाड्यांपुरते आहे.

उघडण्यापूर्वी पारख

गाडी रिकामी, जमीन सपाट आणि टणक. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी. जॅक पुढच्या आसाखाली लावावा आणि चाक उचलल्यावर आसाखाली जाड लाकडी ठोकळे किंवा घोडी द्यावी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणीही खाली हात-पाय घालू नये. काळ्या मातीत जॅक बसतो, हे आपल्याला सांगायला नको.

मग चाक वर आणि खाली धरून हलवावे. खडखड लागली तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर ढिलाई बेअरिंगची. ब्रेक दाबूनही राहिली तर ती किंगपिनची, मग बेअरिंगला दोष देऊ नये. नंतर चाक मोकळे फिरवून ऐकावे. दळण दळल्यासारखा आवाज आला तर रोलर किंवा कप खराब झाला आहे.

उघडणे आणि धुणे

चाकाचे नट जड गाडीवर जॅक लावण्याआधीच थोडे सैल करावेत. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलट आटे असतात, ते आधी पाहावे. चाक काढल्यावर हबची टोपी, कॉटर पिन, नट आणि वॉशर या क्रमाने काढावे. काही गाड्यांत पिनऐवजी दोन नट आणि मध्ये वाकवायचा वॉशर असतो. ब्रेकचे शू ड्रमला चिकटून असतील तर अॅडजस्टर सैल करावा. हब ओढताना बाहेरचे बेअरिंग आधी हातात घ्यावे, नाही तर ते मातीत पडते. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे.

जुने ग्रीस पूर्ण काढावे. नवे ग्रीस जुन्यावर थापणे म्हणजे निंदण न करता युरिया टाकण्यासारखे आहे. बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुवावे, दोन-तीनदा पाणी बदलावे तसे रॉकेल बदलावे आणि स्वच्छ कपड्यावर सुकू द्यावे. हवेच्या नळीने फिरवून सुकवण्याची पोरांना हौस असते. ती करू देऊ नये. कोरडे बेअरिंग भरधाव फिरून रोलर गोळीसारखा उडतो.

धुतल्यावर उजेडात पाहावे. खड्डे, ओरखडे, निळा-तपकिरी रंग, वाकलेली जाळी, यांपैकी काही दिसले तर ते बेअरिंग बाद. कोन नवा घेतला तर कपही नवा घ्यावा, ती जोडी आहे. आणि जुनी बेअरिंगे परत घालायची असतील तर डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. प्रत्येक रोलर आपल्या कपावर मुरलेला असतो.

नवा कप बसवणे

जुना कप हबच्या आतून पितळी दांड्याने आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोकून काढतात. लोखंडी छिन्नीने हबला जखम होते. नवा कप बसवताना त्याची जागा पुसून स्वच्छ करावी, मातीचा कण राहिला तरी कप तिरपा बसतो. एका बाजूने दाणकन ठोकू नये, चहूबाजूंनी थोडे-थोडे. कप तळाशी टेकला की हातोडीचा आवाज बदलतो. आधी पोकळ वाजत असतो, टेकला की भरीव वाजतो. ही खूण मिस्त्रीने आम्हांला डोळे मिटायला लावून शिकवली.

ग्रीस भरणे

एका तळहातावर लिंबाएवढा ग्रीसचा गोळा घ्यावा. बेअरिंगची रुंद बाजू खाली धरून त्या गोळ्याच्या कडेवर दाबत जावे. ग्रीस जाळीतून वर, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून शेवयांसारखे निघाले की तो भाग भरला. थोडे फिरवून पुन्हा. पूर्ण कडी अशी भरावी. वरून लेप दिल्याने आत ग्रीस जात नाही. हबच्या आत कपाच्या काठापर्यंत ग्रीसचा थर द्यावा, पण पोकळी ठासून भरू नये. टोपीतही नुसता हात फिरवावा. जादा ग्रीस चाकाबरोबर घुसळले जाते, तापते आणि वाट काढते. ती वाट ब्रेककडे जाते.

ग्रीस कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण यांचे मिश्रण. चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला टिकते पण उष्णतेने लवकर पातळ होते, ते चाकाच्या बेअरिंगसाठी नव्हे. सोड्याच्या साबणाचे उष्णता सोसते पण पाणी लागले की विरघळते. लिथियमच्या साबणाचे दोन्ही सोसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात पांदणीतून हबपर्यंत चिखल लागतो, म्हणून लिथियम ग्रीस घ्यावे. डब्यावर तसे लिहिलेले असते. नुसत्या रंगावरून ओळखू नये आणि दोन प्रकारचे ग्रीस एकत्र करू नये. डब्याला झाकण असावे. धुळीचा चिमूटभर कणही रोलरला कानस लावतो.

आतले बेअरिंग हबमध्ये ठेवून त्यावर नवे ऑइल सील बसवावे. सीलची ओठासारखी कड आत, ग्रीसच्या बाजूला असावी. जुने सील वाचवण्यात शहाणपण नाही.

नट किती आवळायचा

आता मुख्य मुद्दा. हब स्टबवर सरळ चढवावा, बाहेरचे बेअरिंग घालावे, वॉशर आणि नट लावावा. एका हाताने हब फिरवत राहावे आणि दुसऱ्या हाताने नट कसत जावे. फिरवल्याने रोलर आपापल्या जागी बसतात. हब फिरायला जड झाला की थांबावे. मग नट एक षष्ठांश ते पाव फेरा सैल करावा. आपल्या गाडीच्या पुस्तकात वेगळे माप दिले असेल तर पुस्तक प्रमाण मानावे.

सैल का? गाडी चालते, ब्रेक लागतो, हब तापतो, लोखंड वाढते. त्या वाढीला जागा हवी. ही जागा फार थोडी, इंचाचा एक सहस्रांश ते पाच सहस्रांश, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढी. हाताला ती जेमतेम जाणवते. त्याहून जास्त खडखड असेल तर तेही वाईट. चाक डुलते, टायर ठिकठिकाणी झिजतो, सील कुरतडले जाते.

पिनचे भोक नटाच्या खाचेशी जुळले नाही तर नट सैलाच्या बाजूला नेऊन जुळवावे, कसून कधीही नाही. दोन नटांची गाडी असेल तर बाहेरचा नट कसल्यावर ढिलाई पुन्हा तपासावी, कारण तो थोडी ढिलाई खातो. पिन नेहमी नवी. वाकवून सरळ केलेली पिन आतून मोडलेली असते. खिळा किंवा तार घालून काम भागवणारे आम्ही पाहिले आहेत. पिनची दोन्ही टोके नीट पसरून वाकवावीत आणि टोपी लावावी.

मग चाक चढवून, समोरासमोरचे नट आळीपाळीने कसून, सैल केलेले ब्रेक पुन्हा जुळवून गाडी पंधरा-वीस किलोमीटर रिकामी फिरवावी. ब्रेक कमीत कमी वापरावा. थांबून हाताची मागची बाजू हबजवळ न्यावी. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा फार गरम असेल, तर उघडून पुन्हा पाहावे.

ट्रॅक्टर आणि टायरची बंडी

आपल्या बहुतेक सभासदांकडे ट्रक नसेल, पण ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, काहींकडे टायरची बंडी आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात बहुधा अशीच दोन निमुळती बेअरिंगे असतात आणि ट्रॉली व टायरच्या बंडीतही प्रायः तीच पद्धत. चिखलणी केलेला, नाल्यातून गेलेला ट्रॅक्टर असेल तर त्याच्या हबमध्ये पाणी शिरलेले असू शकते. हबमधले ग्रीस दुधाळ झाले असेल तर समजावे, पाणी आत गेले.

मोळी चढण्यापूर्वी

हे सर्व काम मिस्त्रीचे, पण गाडी आपल्या वावरात येते तेव्हा तीन गोष्टी आपल्यालाही पाहता येतात. पहिली, पुढच्या दोन्ही हबजवळ हात न्यावा. एक बाजू चटका देणारी असेल तर ऊस चढवू नये. दुसरी, चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर ग्रीसचे ओघळ आहेत का ते पाहावे. असतील तर ब्रेक गेलाच समजा. तिसरी, दोन्ही हबच्या टोप्या जागेवर आहेत का. टोपी नसलेल्या हबमध्ये पांदणीची सगळी धूळ जाते.

यांपैकी काही आढळले आणि ड्रायव्हर म्हणाला, "काही होत नाही जी," तरी गाडी थांबवावी. आणि ड्रायव्हर स्वतः सांगत असेल तर त्याचे ऐकावे. आमच्या खात्यातल्या माणसाने रांगेचे कारण देऊन गाडी सोडायला सांगितले, तर त्याला हा लेख दाखवावा. त्या माणसात आम्हीही आलो. एक गाडी तीन तास उशिरा आली तर ऊस थोडा सुकेल. पुलाच्या कठड्यावर चढली तर काय होते ते वर लिहिले आहे.

वाहतुकीचा करार करताना टायर आणि कागदपत्रे पाहतात, तशीच पुढची चाके जॅकवर उचलून पाहावीत आणि ग्रीस केल्याची तारीख नोंदवावी, अशी सूचना आम्ही खात्यापुढे ठेवली आहे. सभासदांनी वार्षिक सभेत ती उचलून धरावी.

आपल्या जिल्ह्यात सिंदीला तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी नंदी घेऊन पोरे रांगेत उभी राहतात. आदल्या दिवशी नंदीच्या चाकात तेल सोडणारी पोरे आम्ही पाहिली आहेत, त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पोळा झाला की दसरा येतो आणि खंडेनवमीला आपण गाडीला हार घालतो, कुंकू लावतो. त्या आधीच्या आठवड्यात चाके उघडून बेअरिंगे धुऊन घ्यावीत. पूजा मग करावी.

तो क्लिनर पोरगा आता स्वतः ड्रायव्हर आहे. थोडा लंगडतो. गाडी घेऊन वावरात आला की आमच्या हातात चिठ्ठी द्यायच्या आधी दोन्ही हबला हात लावून पाहतो. आम्हीही त्याच्या मागोमाग लावून पाहतो.